खुलासा : एन्डेबेले स्त्रियांच्या माना ताणल्या जात नाहीत

गळ्यात पितळी कड्यांची चळत घातलेल्या एका आफ्रिकन स्त्रीचा फोटो सध्या फिरतोय. सोबतचा मजकूर असा : ‘आफ्रिकेत लहान मुलींच्या माना कड्या घालून लांब करतात, कड्या काढल्या तर बाई मरते.’ हे धादांत खोटं आहे. कृपया पुढे पाठवू नका.

फोटोतला दागिना दक्षिण आफ्रिकेतल्या एन्डेबेले समाजाचा आहे. या तांब्या-पितळेच्या कड्यांना ‘इझिला’ म्हणतात आणि त्या लहान मुलींसाठी नसतात, लग्न झालेल्या बाईच्या असतात. गळ्यात, हातापायांत घालतात. त्या नवऱ्याशी जोडलेल्या नात्याची खूण असतात, परंपरेनुसार त्याच्या मृत्यूनंतरच उतरतात. मंगळसूत्र घालणाऱ्या समाजाला हे वेगळं सांगायची गरज नसावी! गवताच्या जाड वळ्याला मणी मढवून केलेली ‘इसिगोल्वानी’ही गळ्यात दिसते, तो निराळा दागिना. आता बऱ्याच जणी इझिला फक्त सणसमारंभाला घालतात.

एस्थर माहलांगू या विख्यात एन्डेबेले चित्रकर्तीला आठवा, जिने १९९१ साली बीएमडब्ल्यू गाडी रंगवली. तिचे कड्या-मण्यांतले फोटो जगभर छापले गेले आहेत.

लांब मानेची गोष्ट म्यानमारमधल्या कायान स्त्रियांची. तिथे कड्या लहानपणापासून चढवतात, पण मान त्यांचीही वाढत नाही : भाराने गळपट्टीची हाडं आणि बरगड्या खाली दबतात, म्हणून ती लांब भासते. कड्या उतरवून नीट जगणाऱ्या कायान स्त्रियाही आहेत.