भारतात टॅक्स भरला, तरी अमेरिकेत मेडिकेअर महागतंच : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, आडपडदा न ठेवता लिहिलंत, बरं झालं. तुमचं म्हणणं असं : पुण्याचा वडिलोपार्जित फ्लॅट २०२४ मध्ये विकला, भारतात कर भरला, अमेरिकेत त्याचं क्रेडिटही मिळालं, तरी मेडिकेअरचा (अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) हप्ता वाढेल असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतोय. आणि वाढलाच, तर उत्पन्न घटल्याचं कळवून हप्ता कमी करून मागायचा एसएसए-४४ फॉर्म भरला की मिटलं.

गोम अशी, की क्रेडिटने कर कमी होतो, उत्पन्न नाही. इर्मा हा जास्त उत्पन्नवाल्यांच्या मेडिकेअर हप्त्यावरचा अधिभार एजीआय (रिटर्नमधलं समायोजित एकूण उत्पन्न) अधिक करमुक्त व्याज या आकड्यावर ठरतो आणि फ्लॅटचा नफा त्यात पुरता धरला जातो. तेव्हाच्या भारतीय आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली ठाण्यात दुसरं घर घेऊन भारतातला कर शून्यावर आणलात, तरी आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) त्याचं सोयरसुतक नाही.

समजा, दोघंही मेडिकेअरवर, जॉइंट रिटर्न, एरवीचा एजीआय ९० हजार डॉलर. त्यात फ्लॅटचा दोन लाख डॉलरांचा नफा. दोन वर्षांपूर्वीचं रिटर्न बघतात, म्हणून फटका २०२६ मध्ये. मेडिकेअरच्या पार्ट बीचा (डॉक्टरांच्या उपचारांच्या भागाचा) महिन्याचा हप्ता माणशी २०२.९० ऐवजी ४०५.८० डॉलर, शिवाय पार्ट डीवर (औषधांच्या भागावर) ३७.५० जादा. दोघांचे मिळून वर्षाला सुमारे ५,७७० डॉलर जास्त जातात, तेही सोशल सिक्युरिटीतून (सरकारी पेन्शनमधून) परस्पर. आधी पत्र येतं म्हणा, पण ती पत्रं वाचतो कोण!

एसएसए-४४ वर कारणं ठरलेली आहेत : लग्न, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू, नोकरी सुटणं, पेन्शन बंद पडणं वगैरे. ‘उत्पन्न देणारी मालमत्ता गेली’ हेही त्यात आहे, तुमचा रोख बहुधा त्यावर असावा. पण ती आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणाने गेलेली लागते. स्वतः विकलेली चालत नाही.

हा भुर्दंड वर्षभराचाच, हे तुमचं म्हणणं मात्र बरोबर. २०२५ चं उत्पन्न पूर्ववत असेल तर २०२७ ला हप्ताही आपसूक उतरतो. फ्लॅट विकू नका असं मी म्हटलेलंच नाही.

तुमच्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. फ्लॅट वडिलांच्या पश्चात वारशाने आला असेल, तर अमेरिकेत नफा मोजताना त्यांच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात. त्यांनी हयातीत बक्षीसपत्र केलं असेल, तर मात्र त्यांची जुनी खरेदी किंमतच तुमची. वारसा असूनही रिटर्नमध्ये जुनी किंमत लागली असेल, तर नफा फुगलेला दिसणारच. तसं असेल तर मूल्यांकन करून घेऊन सुधारित रिटर्न भरा आणि आयआरएसकडून त्याची पोच आली की ती सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाकडे द्या. इर्मा त्यावरून नव्याने ठरवून मिळतो.