तासगावचा कंडेन्सर आणि १९१.७ ज्यूल: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

‘बॅटरीचे दिवस भरले म्हणून लेख लिहिता, आणि इकडे तासगावात माझ्या बोअरच्या मोटरचा कंडेन्सर दर उन्हाळ्यात उडतो, त्याचं बोला की!’ असं तुम्ही कंडेन्सरवरच्या संशोधनाच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. बॅटरीचे दिवस भरले असं मी कुठंच म्हटलेलं नाही, ते माझ्या नावावर टाकू नका. बाकी, कंडेन्सरचंच, म्हणजे मोटरला जोडलेल्या त्या वीज साठवणाऱ्या डब्याचंच बोलू.

तुमच्या पेटीत समजा ५० मायक्रोफॅरड (हे त्याच्या साठवणक्षमतेचं माप), ४४० व्होल्टचा डबा आहे. ४४० व्होल्टला भरला तरी त्यात जेमतेम ५ ज्यूल मावतात; लिटरभर पाणी अर्धा मीटर उचलण्यापुरते. आत पॉलिप्रॉपिलिनची काही मायक्रॉन जाडीची फिल्म, तिच्यावर जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा. फिल्म कुठं कच्ची निघाली की ठिणगी पडते, भोवतीचा मुलामा उडून जातो आणि ते भोक आपोआप वेगळं पडतं. डबा वाचतो, पण दर वेळी थोडा झिजतो. ५० चा ४० झाला की मोटर नुसती घुंईऽऽ करत बसते. त्यात ८५ अंशांपुढं ही फिल्म फार टिकत नाही. पत्र्याची पेटी, मे महिना, आतली उष्णता वेगळीच. आधी पेटीवर सावली करा, हा सल्ला फुकट.

आता संशोधनाचं. फिल्मनं दुप्पट विद्युतक्षेत्र सोसलं तर तेवढ्याच जागेत चौपट ऊर्जा मावते, म्हणून सगळी धडपड. दुसरा रस्ता पदार्थच बदलण्याचा: बेरियम टायटॅनेट या सिरॅमिकचा परावैद्युतांक (तेवढ्याच विद्युतक्षेत्रात किती ऊर्जा धरतो त्याचं माप) हजारांत, पॉलिप्रॉपिलिनचा २.२ च्या आसपास. तरी ते सरसकट चालत नाही: लवकर फुटतं, आणि घेतलेलं सगळं परत देत नाही, राहिलेल्याची उष्णता होते. २०२४ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या कामात त्याचा पापुद्रा अणूंच्या जाडीच्या थरांमध्ये धरला. घनसेंटिमीटरला १९१.७ ज्यूल मावले, ९० टक्क्यांहून जास्त परत मिळाले.

एवढ्या आकड्याचा तुम्हाला संशय आला, तर तो रास्त आहे. हा आकडा नुसत्या पापुद्र्याचा, आणि तो नॅनोमीटरांत मोजायचा. ज्या तुकड्यावर तो बसवलाय त्याची जागा हिशेबात नाही. शिवाय लिटरला हे ५३ वॉट-तासच झाले. लिथियम बॅटरी २५० च्या वरच असते.

पण तुमच्या कामाची बातमी ही नव्हेच. विद्युत गाड्यांच्या इन्व्हर्टरसाठी (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणारा भाग) १५० अंश सोसणाऱ्या फिल्मवर काम चाललंय. माझी भिस्त त्यावर. ती स्वस्त होऊन आपल्या पेटीत येईस्तोवर, नवा कंडेन्सर घेताना डब्यावरचं कमाल तापमान वाचा. ७० लिहिलेला बाजूला सारून ८५ चा मागा.