रक्त पडतंय म्हणजे मोडच, हे कुणी ठरवलं?

गेले पंधरा दिवस आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. निपाणीच्या पाहुण्यांनी पाठवला, खानापूरच्या मावशीनंही पाठवला. मजकूर असा: 'संडासला लाल रक्त म्हणजे मूळव्याधच. दुखत नसेल तर काळजी नको. तिखट सोडा. सात दिवस पुडी घ्या, मोड गळून पडतो. डॉक्टरकडे गेलात तर ऑपरेशनच.' मी नर्स आहे. हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

'लाल रक्त म्हणजे मूळव्याधच.' माणूस फसतो तो इथंच. मूळव्याधीचं रक्त बहुतेक वेळा ताजं, लालभडक असतं. शौच होताना किंवा झाल्यावर थेंब थेंब पडतं, नाहीतर शौचाला वरून लागलेलं दिसतं. पण गुदद्वाराला चीर पडली तरी लालच रक्त येतं, आतड्याला सूज असली तरी येतं, आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्येही येतं. नुसत्या रंगावरून घरी बसून निदान होत नाही.

माझे मामा शहापुरात मागावर बसायचे. 'बसून बसून मोड आलाय' म्हणत त्यांनी सात महिने काढले. मधे पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून घेतली, तेव्हाही 'तिखट सोडलंय म्हणून उतरलोय' म्हणाले. जाऊन आलं तरी परत जावंसं वाटतं, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलंच नाही. शेवटी तपासायला नेलं तर मोड खरंच होते. आणि मोडांच्या वर कॅन्सरची गाठही होती, डॉक्टरांच्या बोटाला लागेल इतक्या जवळ. मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही, हे खरं. पण मोड आहेत म्हणून दुसरं काही नाही, असंही नसतं.

म्हणून रक्त पहिल्यांदाच दिसलं तर एकदा दाखवून घ्या, वय काहीही असो. रक्त शौचात मिसळलेलं असेल, पोटाची सवय बदलली असेल, कधी घट्ट तर कधी पातळ होत असेल, वजन उतरत असेल, अंगात रक्त कमी झालं असेल किंवा सख्ख्या नात्यात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. शौच डांबरासारखं काळं, चिकट होत असेल तर रक्त वर पोटातून येत असण्याची शक्यता असते; त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून चालू असलेल्या गोळ्या सोबत न्या. रक्त थांबतच नसेल, गुठळ्या पडत असतील किंवा चक्कर येत असेल तर रात्र असली तरी निघा.

'दुखत नसेल तर काळजी नको.' हे अगदी उलटं आहे. आतले मोड सहसा दुखतच नाहीत, कारण तिथल्या अस्तराला वेदना कळत नाही. मामांची गाठही दुखत नव्हती. शौचाला काच कापल्यासारखं होऊन मागून तासभर आग होत असेल, तर ती बहुधा चीर असते. बाहेर अचानक निळसर, टणक गाठ येऊन बसवत नसेल, तर बाहेरच्या मोडात रक्त साकळलेलं असू शकतं; पहिल्या दोन-तीन दिवसांत गेलं तर लवकर सुटका होते. सुजेबरोबर ताप असेल तर पू धरला असेल, तिथं थांबायचं नसतं.

तिखटाचं थोडक्यात सांगते. आग होत असेल तर कमी करा, पण मोड संकेश्वरी मिरचीनं येत नाहीत. कुंथणं, बद्धकोष्ठ, संडासात मोबाईल घेऊन बसणं, गरोदरपण ही खरी कारणं.

पुडीत काय असतं ते देणाराही सांगत नाही. त्याहून वाईट म्हणजे मोड जाळायला लावलेलं औषध किंवा कुणाही माणसानं टोचलेलं इंजेक्शन. त्यानं तिथली कातडी सडलेली, शौचाची वाट आवळलेली मी पाहिली आहे. शिकलेल्या आयुर्वेद शल्यतज्ज्ञाचं क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेला दोरा, ही वेगळी गोष्ट. भगंदरावर, म्हणजे गुदद्वाराशेजारी पडलेल्या नळीसारख्या वाहत्या जखमेवर, ते नीट चालतं.

आणि ऑपरेशन? बहुतेकांना ते लागतच नाही. भाजी, फळं, कोंड्यासकट भाकरी, भरपूर पाण्याबरोबर इसबगोल, दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसणं, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. नाही भागलं तर आतल्या मोडाला रबराचं बारीक कडं बसवतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. तपासणी म्हणजे बोटानं आणि छोट्या नळीनं पाहणं, पाच मिनिटांचं काम.

लाज वाटते, त्यात सरकारी दवाखान्यात कन्नडमधून कसं सांगायचं, हे बायका मला नेहमी विचारतात. अहो, कन्नडमध्येही मूलव्याधी आणि रक्त हेच शब्द आहेत. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं सांगा.

काल मावशीला फोन केला. मेसेज का पाठवलास विचारलं, तर आधी इकडचं तिकडचं बोलली. मग मी विचारलं, 'तुला कधीपासून?' म्हणाली, 'दिवाळीपासून.' मामा तिचा सख्खा भाऊ. सोमवारी सकाळच्या एसटीनं ती बेळगावला येतेय, मी स्टँडवर थांबणार आहे.