आजीच्या कपाळावरचे गोंदण कोणी पुसले?

घरच्या कार्यातला एक तरी फोटो जसा निघाला तसा पुढे पाठवायला लोकांच्या जिवावर का येते, हे मला खरोखर समजेनासे झाले आहे. लग्न असो, बारसे असो, नाही तर रविवारी सगळ्यांनी मिळून खाल्लेली मिसळ असो, फोटो ग्रुपवर येईपर्यंत त्यातली माणसे गोरी, गुळगुळीत आणि एकसारखी झालेली असतात आणि खालच्या कोपऱ्यात कुठल्या तरी अ‍ॅपचा शिक्का बसलेला असतो. या प्रकाराला 'क्रिएटिव्ह इफेक्ट' म्हणायचे! दुसऱ्याने आधीच तयार करून ठेवलेल्या गोल गोल चित्रांच्या पट्टीवरून अंगठा सरकवण्यात कसली आली आहे कल्पकता?

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न असता तर मी गप्प बसलो असतो. पण आमची आजी गेली आणि भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधू लागलो, तेव्हा अलीकडच्या काही वर्षांतला एकही फोटो फिल्टरशिवाय सापडेना. आजीच्या कपाळाच्या मधोमध आणि हनुवटीवर हिरवट ठिपके गोंदलेले होते. लहानपणी माहेरच्या जत्रेत गोंदून घेतलेले ते ठिपके तिने आयुष्यभर मिरवले, आणि आम्ही सगळी नातवंडे लहान असताना त्यांवर बोट ठेवून ते मोजत असू. फोटोत ते नाहीत. कपाळावरच्या आठ्या नाहीत, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या नाहीत आणि गालावरचा तीळही नाही. ऐंशी ओलांडलेल्या बाईची कातडी मेणाची असावी तशी चकचकीत दिसते आहे. मी तो फोटो घेऊन स्टुडिओत गेलो, तर तिथल्या माणसाने पडद्यावर मोठा करून पाहिला आणि सरळ सांगितले, "ओरिजिनल असेल तर आणा, यातून काही निघणार नाही."

त्याचे म्हणणे बरोबरच होते. फिल्टर हा काही फोटोवर टाकलेला पडदा नव्हे, की तो उचलला आणि खालचा चेहरा पुन्हा दिसू लागला. चेहरा गुळगुळीत करणारा प्रोग्रॅम आधी त्वचेचा भाग ओळखतो, मग त्यातले बारीक चढउतार आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकतो आणि एखादा लहान गडद ठिपका दिसला की तो मुरूम किंवा डाग समजून भरून काढतो. गोंदण म्हणजे काय हे त्याला शिकवण्याची गरज कोणाला वाटली नसावी. असा फोटो सेव्ह झाला आणि मूळ फोटो डिलीट झाला की त्या ठिपक्यांची माहिती जगातल्या कुठल्याही फाइलमध्ये उरत नाही, आणि हे सगळे 'ब्युटी' या गोंडस नावाखाली घडते.

रंगाची तर गोष्टच सोडा. भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोंत तिचा चेहरा पिठासारखा पांढरा आणि मेंदी लावलेले हात मात्र तिचे स्वतःचे, छान सावळे, असे दिसत होते. मान जिथे संपते तिथे रंगाची चक्क सीमारेषा पडली होती. मुलगी देखणी आहे, पण फिल्टरला ते मान्य नाही. हा दोष काही एखाद्या फोनपुरता नाही. 2017 साली चेहरे बदलून दाखवणाऱ्या 'फेसअ‍ॅप'मधला 'हॉट' नावाचा फिल्टर माणसांना सरसकट उजळ करत असल्यावरून इतका गदारोळ झाला की कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली आणि प्रोग्रॅमला शिकवताना वापरलेल्या छायाचित्रांमुळे असे होत असल्याचे कबूल करावे लागले. माफी मागून झाली, बातमी विरली आणि आमच्या घरातल्या मुली अजूनही पांढऱ्याफटक होऊनच ग्रुपवर येत आहेत.

चित्रकारांची शैली उचलून फोटोवर चढवणारे इफेक्ट मला एके काळी आवडले होते, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीतल्या संशोधकांनी 2015 साली त्यामागची पद्धत मांडली, पुढच्याच वर्षी 'प्रिझ्मा' नावाचे अ‍ॅप आले आणि काही महिने जो तो स्वतःच्या गॅलरीचे चित्रप्रदर्शन करत सुटला होता. डोंगर, पाऊस, एसटी स्टँड यांच्यावर तो खेळ शोभतो. पण काकूंच्या पैठणीच्या पदरावरचे मोर रंगाच्या फराट्यांत विरघळून जातात आणि नथीचे मोती वरच्या ओठात शिरतात, तेव्हा त्याला कला म्हणवत नाही. एवढे करून वर "कशी वाटली पैठणी?" असा प्रश्न येतोच. पैठणी दिसेल तर वाटेल ना!

याहून चीड आणणारा प्रकार म्हणजे नवा कोरा फोटो मुद्दाम जुना करणे. ज्यांनी फिल्मच्या कॅमेऱ्यावर काम केले त्यांनी दाणे दिसू नयेत, कडा काळवंडू नयेत आणि कुठून प्रकाश शिरून रोल खराब होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला; तेच सगळे दोष आज आपण हौसेने चिकटवतो आहोत. जुन्या पद्धतीच्या फोटोला सेपिया, म्हणजे तपकिरी, छटा देण्याच्या प्रक्रियेत फोटोतल्या चांदीचे सल्फाइड होते आणि फोटो अधिक टिकतो. आपला सेपिया मात्र मूळ रंगच कायमचे घालवून बसतो. त्यावर कळस म्हणजे कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत उमटवलेली '98 सालची खोटी तारीख. ज्या बाळाचे बारसे गेल्या महिन्यात झाले, त्याच्या पाळण्याच्या फोटोवर 1998! ते पोर मोठे झाल्यावर हा हिशेब कोणाकडून समजून घेणार आहे?

बरे, आपण स्वतः फिल्टर लावला नाही म्हणजे सुटलो, असेही नाही. माझ्या फोनमध्ये ब्युटीची पट्टी मी शून्यावर ओढून ठेवली आहे. तरीही बटण दाबल्यावर क्षणभर गालावरची लव स्वच्छ दिसते आणि पाहता पाहता, माझ्या डोळ्यांदेखत, ती पुसली जाते. शून्यावरही चालूच राहणार असेल तर ती पट्टी दिली तरी कशाला? गूगलने 2020 साली आपल्या पिक्सेल फोनमध्ये चेहरा सुधारण्याची सोय आपोआप चालू न ठेवण्याचे जाहीर केले होते. म्हणजे मनात आणले तर हे करता येते. बाकीच्यांना ते करायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अ‍ॅपवाल्यांच्या लुटीबद्दल फार लिहीत नाही. एका फिल्टरसाठी अर्ध्या मिनिटाची जाहिरात, शिक्का काढायचा तर पैसे, तीन दिवस फुकट म्हणून कार्डाचा नंबर घ्यायचा आणि चौथ्या दिवशी गुपचूप आठवड्याचे पैसे कापायचे, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे.

माझी मागणी एवढीच आहे की फिल्टर लावा, हवे तर कुत्र्याचे कानही लावा, पण कॉपी करून त्या कॉपीवर लावा, मूळ फोटो ठेवा आणि पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप तो आणखी चेपणार नाही. हे मी भाच्याला समजावून सांगितले, तर तो म्हणाला, "मामा, ओरिजिनलमध्ये लाइट बरोबर नव्हता, म्हणून उडवले." आजीच्या ओटीवर दुपारी चारला जसे ऊन यायचे तसेच ते आले असणार, त्यात बरोबर-चूक काय असते? येत्या वैशाखात घरात मुंज आहे. सगळ्या मूळ फाइल पेनड्राइव्हवर हातात पडल्याशिवाय उरलेले पैसे मिळणार नाहीत, असे मी फोटोग्राफरला आत्ताच बजावून ठेवले आहे. पंगतीत फोन उगारून बसणाऱ्या नातेवाइकांचे काय करायचे, हे मात्र अजून सुचलेले नाही.