वेळ सांगत नसाल तर रस्ता सुचवू नका

पुण्याबाहेरचा सायकलीचा रस्ता सुचवताना ‘निसर्गरम्य आहे, रहदारी अजिबात नाही, बिनधास्त जा’ एवढे लिहून मोकळे होणाऱ्या माणसांचा मला मनापासून संताप येतो, आणि परवाच्या रविवारनंतर तो गिळून टाकण्याची माझी तयारी उरलेली नाही. अशाच एका शिफारशीवर विसंबून मी पौडला उजवीकडे वळले. कोळवण, हाडशी, जवण, तिकोना पेठ असे करीत पवनेच्या जलाशयापर्यंत जायचे आणि आल्या रस्त्याने परतायचे, असा बेत होता. रस्ता देखणा आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. वळकी नदीच्या खोऱ्यात भात निसवले आहे, बांधाबांधावर तेरडा आणि सोनकी फुलली आहे, आणि चढ संपता संपता तिकोना किल्ला जो समोर येतो त्याच्यासाठी कितीही लवकर उठावे. जाताना एखादी एसटी, दुधाचे कॅन लावलेल्या दोन-चार मोटारसायकली आणि शेतावर निघालेली माणसे यांच्याखेरीज कोणी भेटले नाही. शिफारस करणाऱ्याला मी मनातल्या मनात धन्यवादसुद्धा दिले होते.

परतताना साडेनऊ वाजले आणि चित्र पार बदलले. पुण्याकडून दिवसाच्या सहलीला निघालेल्या मोटारींची रांग समोरून येऊ लागली, आणि जलाशयाकाठच्या तंबूंत रात्र काढून नाश्त्यानंतर घरी निघालेल्या मोटारी त्याच वेळी पाठीमागून येऊ लागल्या. त्यांतली एक उंच, रुंद गाडी माझ्या मागे लागली आणि हॉर्नवरचा हात तिच्या चालकाने काढलाच नाही. पुढे आंधळे वळण होते. डाव्या हाताला साईडपट्टीचा मुरूम पावसाने वाहून गेला होता आणि डांबराची कडा जमिनीपासून चांगली वीतभर वर उघडी पडली होती. अशा ठिकाणी खाली उतरायचे म्हणजे आपण होऊन पडायचे, म्हणून वळण संपेपर्यंत थांबा, असे मी हात दाखवून सांगितले. तो थांबला नाही. त्याचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला, पुढचे चाक कडेवरून घसरले आणि मी मुरमात आडवी झाले. हाताचे साल निघाले, हँडलबार वाकडा झाला. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली, तेव्हा विचारपूस करायला थांबली असेल असे मला वाटले. काच खाली झाली आणि आतून आवाज आला, “ओ मॅडम, हौस असेल तर बागेत चालवा ना सायकल, आम्हाला पुढे जायचंय.” मागच्या आसनावरून एक मोबाईल माझ्याकडे रोखलेला होता. लागले का, पाणी हवे का, असा एक शब्दही कोणी काढला नाही.

मी हँडलबार सरळ केला, साखळी बसवली आणि निघाले, तो दोन वळणांच्या पुढे तीच गाडी रस्त्याच्या निम्म्या रुंदीत उभी होती, चारही दारे उघडी होती, गाणी मोठ्याने लागली होती आणि आतली सगळी मंडळी बांधावरच्या सोनकीत उतरून फोटो काढत होती. ज्यांना पुढे जायची इतकी घाई होती की एका वळणापुरते थांबणे जमले नाही, ती माणसे आता दोन्ही बाजूंची वाहतूक अडवून फुले तुडवत निवांत उभी होती. त्यांच्या मागे अडकलेल्या एसटीचा चालक बिचारा हॉर्नसुद्धा वाजवत नव्हता. मी थांबून त्या गृहस्थाला माझा सोललेला हात दाखवला, तर त्याने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. तो दुसऱ्याला म्हणाला, “ह्यांना रस्त्यावर आणतं कोण?” या प्रश्नाने माझे डोके तेव्हापासून जे फिरले आहे ते अजून ठिकाणावर आलेले नाही. मला रस्त्यावर कोणी आणावे लागत नाही. त्या रस्त्यावर त्याचा जेवढा हक्क आहे तेवढाच माझा आहे, आणि पाठीवर गवताचा भारा घेऊन चालणाऱ्या त्या गावच्या बाईचा आम्हा दोघांहून जास्त आहे.

इथे साधा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडते. आपल्याकडच्या एकपदरी रस्त्याच्या डांबराची प्रमाणित रुंदी ३.७५ मीटर असते. मोठी मोटार आरशांसह सुमारे दोन मीटर जागा घेते, आणि सायकलस्वाराला हँडलबार व थोडासा डोल धरून पाऊण मीटर तरी लागतो. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडणे कायद्याने बंधनकारक आहे. ते अंतर इथे धरले तर बेरीज सव्वाचार मीटर होते, म्हणजे डांबर अर्धा मीटर कमी पडते. एक मीटरच सोडायचे ठरवले तर सगळे अंतर कसेबसे बसते, पण तेही समोरून कोणी येत नसेल आणि कडा शाबूत असेल तरच. याचा सरळ अर्थ असा की अशा रस्त्यावर मोटारीने सायकलीच्या मागे थांबायचे असते, पुढे मोकळी, सपाट जागा आली की मग जायचे असते. हे सौजन्य म्हणून करायचे नसते. दुसरा मार्ग भौतिकदृष्ट्या उपलब्धच नसतो. आणि ती वीतभर कडा आपोआप तयार होत नाही. दर खेपेला जुन्या डांबरावर नवा थर चढवला जातो, रस्ता उंच होत जातो, आणि साईडपट्टी मात्र त्याच्या बरोबरीने भरून, दाबून घेतली जात नाही. वरवर टाकलेला मुरूम पहिल्याच पावसात ओढ्याला मिळतो. मग नव्या कोऱ्या रस्त्याचे फोटो झळकतात आणि सायकलस्वार त्या कडेवरून पडत राहतात.

घरी आल्यावर मी त्या शिफारस करणाऱ्याला विचारले की तुम्ही हा रस्ता नेमका कधी केला होता. उत्तर आले, मागच्या जुलैत, बुधवारी, पहाटे, सुट्टी टाकून. मग हे लिहायला काय झाले होते? रस्ता निवांत आहे की नाही हे नकाशावर ठरत नाही, ते वार, तास, ऋतू आणि दिशा यांवर ठरते. बुधवारी पहाटेचा कोळवण रस्ता आणि रविवारी साडेनऊचा कोळवण रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिल्यावर मी माझ्या भाचीला बेलाशक नेईन, आणि दुसऱ्यावर तिला नेले असते तर काय झाले असते या विचाराने मला अजून रात्री झोप लागत नाही.

रस्ते सुचवणाऱ्या अॅपांबद्दलही माझा राग तितकाच जुना आहे. कोणत्या रस्त्यावर किती सायकली गेल्या हे ती रंगाने दाखवतात आणि जितका रंग गडद तितका रस्ता चांगला, असे लोक धरून चालतात. त्या रंगात पहाटे पाचला गेलेले आणि दुपारी बाराला जीव मुठीत धरून गेलेले यांच्यात बहुतेक वेळा काही फरक केलेला नसतो. उलट बाजूने, रहदारी टाळा असे सांगितले की हीच अॅप आपल्याला एखाद्या पाणंदीत घालतात, जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत घोटाभर चिखल आणि त्यानंतर बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात. त्या पाणंदीच्या तोंडाशी हल्ली प्लॉट पाडलेले असतात, लोखंडी फाटक असते आणि फाटकाशी बसलेला रखवालदार सांगतो की रस्ता खासगी आहे. पिढ्यान् पिढ्या गावकऱ्यांची वहिवाट असलेली वाट खासगी कशी झाली, हे त्या बिचाऱ्याला विचारण्यात अर्थ नसतो.

आणि निवांत रस्त्यापर्यंत पोहोचायचे तरी कसे? मुळशीकडे जायचे तर चांदणी चौक ओलांडावा लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या नव्या पुलांचे उद्घाटन झाले, मोटारींचा खोळंबा कमी झाला, हे मान्य आहे. पण सायकलस्वाराला तिथे भरधाव उतरणाऱ्या रॅम्पच्या तोंडावरून आडवे जावे लागते आणि त्या क्षणी आपण कोणाच्या आराखड्यात नव्हतो हे लख्ख कळते. पुढे भूगाव आणि पिरंगुट कोणत्याही वेळी तुंबलेले असते. दक्षिणेकडे जावे तर खडकवासल्याच्या चौपाटीवर शनिवार-रविवारी कणसांच्या गाड्या, त्यांच्यापुढे दुहेरी लावलेल्या मोटारी आणि न बघता फाडकन उघडणारी दारे असतात. ते पार केले तर डोणज्यापासून सिंहगडाच्या घाटात चढणाऱ्या गाड्यांचा धूर फुप्फुसात भरून घ्यायचा. टेमघरवरून लवासाकडे जाणारा घाट मला एके काळी फार आवडायचा. आता तिथे सुट्टीच्या सकाळी महागड्या मोटारसायकली वळणांवर गुडघे टेकवत शर्यती खेळतात. बोपदेव घाटाचे नाव मी या वर्षी काढलेलेच नाही, कारण सासवडला जाणाऱ्या प्रत्येकाला तोच जवळचा वाटतो. त्यात रिंगरोडचे काम. उर्स्यापासून वरव्यापर्यंतचा पश्चिमेचा टप्पा मावळ, मुळशी, हवेली आणि भोर या तालुक्यांतून, म्हणजे आमच्या उरल्यासुरल्या सगळ्या रस्त्यांना छेदून जातो. खडी आणि मुरूम वाहणारे डंपर ज्या रस्त्यांवर दिवसभर फिरतात ते रस्ते डंपरच्या वजनासाठी बांधलेले नाहीत, आणि त्यांच्या मागे सांडलेली बारीक खडी वळणावर सायकलीचे चाक अलगद काढून घेते.

यावर दिला जाणारा पहिला सल्ला म्हणजे ‘पहाटे चारला निघा’. हा सल्ला देणारे बहुतेक पुरुष असतात. चार वाजता अंधारात एकटीने निघायचे, वाटेत कुत्र्यांची टोळी अंगावर घ्यायची, बंद ढाब्याबाहेर उभ्या असलेल्या टोळक्यासमोरून जायचे आणि घरच्यांनी तीन तास फोनकडे डोळे लावून बसायचे. शिवाय सहा वाजेपर्यंत दिसत काहीच नसेल, तर ज्या देखाव्यासाठी एवढा खटाटोप केला तो बघायचा कधी? दुसरा सल्ला असतो, सायकल गाडीला लावून पन्नास किलोमीटर लांब न्या आणि तिथे चालवा. म्हणजे ज्या गर्दीला कंटाळून आम्ही बाहेर पडतो तिच्यात आणखी एक मोटार घालायची, आणि ज्या गावाला आजवर धूर लागला नाही तिथे तो पोहोचवायचा. मला घराच्या दारापासून सायकल चालवायची आहे. ही मागणी अवास्तव आहे असे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याने तरी मला सांगू नये.

जानेवारी २०२६ मध्ये याच जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, जगभरचे सायकलपटू ४३७ किलोमीटर धावले, त्यांच्यासाठी रस्ते नव्याने डांबरले गेले आणि शर्यतीच्या वेळी वाहतूक रोखली गेली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले आणि त्या दिवसाचा आनंद मी कधीही नाकारणार नाही. पण मनावर घेतले तर काय करता येते हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले असल्यामुळेच आता काही होत नाही याची चीड दुप्पट येते. आम्हाला वाहतूक बंद नको आहे. डांबराच्या पातळीला भरून दाबलेली एक मीटर साईडपट्टी पाहिजे, आंधळ्या वळणाआधी सायकलीचे चित्र असलेला एक फलक पाहिजे, आणि डंपरना रविवारी सकाळी दहापर्यंत मनाई पाहिजे. बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात १९९५ मध्ये छोट्या रस्त्यांच्या प्रत्येक तिठ्याला क्रमांक देऊन पाट्या लावल्या गेल्या. माणूस क्रमांक लक्षात ठेवतो आणि मोठा रस्ता टाळून दिवसभर फिरतो. ती कल्पना शेजारच्या नेदरलँड्सने उचलली. तिला लागतात खांब, पाट्या आणि रस्ते आधी स्वतः सायकलवरून पाहणारा माणूस. मावळ-मुळशीत गावागावांना जोडणारे असे छोटे रस्ते आजही शिल्लक आहेत, आणि पाच वर्षांनी ते असतील याची मला खात्री नाही.

तोपर्यंत निदान एकमेकांना सांगताना तरी नीट सांगा. कोणत्या वारी गेलात, घरून किती वाजता निघालात, परतताना किती वाजले होते, डांबर किती रुंद आहे, कडा कुठे तुटली आहे, खडीचा क्रशर कुठल्या फाट्यावर आहे, चढावर सावली आहे का, बाईमाणसाला थांबता येईल असे चहाचे दुकान कुठे उघडे असते, एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात. मी माझ्यापुरते आजच लिहून टाकते. पौड ते तिकोना पेठ रस्ता शनिवार-रविवारी सकाळी आठनंतर घेऊ नका, त्यातही नऊ ते अकरा दोन्हीकडच्या मोटारी एकाच वेळी येतात, कोळवणच्या अलीकडच्या वळणांवर डावी कडा तुटलेली आहे, आणि परतताना पवनानगरवरून कामशेतला उतरून लोकल धरणे अधिक बरे. हे जर मला कोणी शनिवारी रात्री सांगितले असते, तर मी आता डाव्या हाताला पट्टी बांधून एका हाताने टंकत बसले नसते.