घेतलेली काय?

“सर, पडलात तेव्हा दारू घेतली होती का?”

हे मला विचारलं माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने. तालुक्याच्या गावातल्या इस्पितळात, डिस्चार्जच्या दिवशी, माणसांनी गच्च भरलेल्या हॉलमध्ये. बिचारी इन्शुरन्सच्या खिडकीत बसते. खिडकीला कोरोनाच्या वेळची काच अजून आहे आणि काचेला एक भोक. त्यातून हळू बोललेलं पलीकडे पोचत नाही, आणि मोठ्याने बोललेलं पार गेटबाहेरच्या रिक्षास्टँडवर जातं.

झालं होतं एवढंच, की मागल्या दारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं, पाय सरकला, उजवं मनगट मोडलं. प्लेट घातली, स्क्रू मारले. डॉक्टर देवमाणूस, ऑपरेशन झकास. तो भाग संपला.

“कंपनीने क्वेरी टाकलीय सर. तुम्ही नशेत नव्हतात असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट हवंय.”

“अगं, सकाळी सात वाजता पडलो मी.”

“वेळ नाही विचारलेली सर.”

डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला आत गेलेले. म्हणजे माझी शुद्ध दुपारनंतर सिद्ध होणार. मी तिला भोकातून कायदा ऐकवला. विमा नियामकाचं २०२४ चं परिपत्रक आहे, कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने परस्पर इस्पितळाला भरायचं त्याची, पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची. उशीर झाला आणि इस्पितळाने त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भागधारकांच्या खिशातून द्यायचे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वर्गात इतकं लक्ष दिलं असतं तर ही मुलगी आज काचेच्या त्या बाजूला नसती. मग म्हणाली, “क्वेरी पडली की वेळ पुन्हा पहिल्यापासून धरतात सर.” शेवाळ पॉलिसी घेण्याआधीपासूनचं होतं का, एवढंच विचारायचं राहिलं होतं. होतं. आजोबांच्या काळापासून आहे.

मी जाऊन खुर्चीत बसलो. शेजारी एक आंबा बागायतदार होते. वय सत्तरीच्या पुढे, हर्नियाचं ऑपरेशन होऊन घरी निघालेले, मांडीवर खताच्या कंपनीने फुकट दिलेली कापडी पिशवी. पिशवीचे बंद त्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळले होते. ते माझ्या कानाशी आले आणि तिसऱ्या रांगेला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “मास्तर, खरा सांगा. घेतलेली काय?”

“नाही हो.”

“पावसात वायच घेतली तर माझा काय म्हणणा नाय. पण विमो काढलेलो आसा तर सांगू नकात.”

समोरच्या बाकावरच्या बाईने माझ्याकडे बघून नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तिचा नवरा आमच्याच वाडीच्या अलीकडचा. पुढे काय होणार ते मला तिथेच कळलं.

“हप्तो किती?” मी सांगितला. “किती वर्सां भरतास?” तेही सांगितलं. त्यांनी डोळे मिटून गुणाकार केला. “एवढ्यात दुसरो हात पण मोडून, बसवून झालो असतो.”

मी शिक्षकी पेशाला जागून समजावायला लागलो. विमा मोठ्या दुखण्यासाठी असतो, बायपास निघाली तर लाखांत जातं, शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. “मग हप्तो उतारलो?” त्यांनी विचारलं. उतरला नव्हता. माझा वयाचा गट बदलला म्हणून वाढला होता. हे मी पुटपुटत सांगितलं, तरी त्यांना नेमकं ऐकू आलं.

मग त्यांनी आपला विमा सांगितला. बागेच्या खालच्या अंगाला त्यांची दहा कलमं आहेत. “ती धा कलमां माझ्या दुखण्याची. त्येंचे पैशे मी घरखर्चाक लावणय नाय. झिलान मागले तरी नाय.” दरवर्षी त्या झाडांचा हापूस वेगळा काढतात, वेगळा विकतात, पैसे या पिशवीत. बायकोचा मोतीबिंदू त्यातून झाला, त्यांचे दात त्यातून झाले, आता हर्निया.

“आणि एखाद्या वर्षी आंबा आलाच नाही तर?”

“मग त्या वर्साक आजारी पडूचा नाय.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि कंपनीच्या छत्तीस पानी पुस्तिकेतही नसावं.

पण माणूस विमा न कळणारा नव्हता. फळपीक विम्याने तो पुरता पोळलेला. आंब्याचा विमा हवामानावर चालतो. अवेळी पाऊस किती, तापमान किती, हे महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावरच्या नोंदीवरून ठरतं. कुणी तुमच्या झाडाखाली येऊन उभं राहत नाही. मी भूगोल शिकवतो. सड्याच्या या अंगाला सर कोसळते आणि त्या अंगाला लोक वाळवणं घालून बसतात, हे आमच्याकडे पाचवीतलं पोरसुद्धा जाणतं. मंडळ आखणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. ह्यांच्या बागेत पाऊस झाला, मोहोर काळा पडला, आणि केंद्रावर सगळं कोरडं.

“यंत्र म्हणता, पाऊस पडलोच नाय,” ते म्हणाले. “आता बघा, विमावाले म्हणतले, मास्तर पडलेच नाय.”

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. पुढचा प्रसंग मी मत्सराने पाहिला. त्यांनी बिल हातात घेऊन प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं. खोलीच्या भाड्यावर आल्यावर थांबले. “ह्या एसीचे पैशे कित्याक? थंडी वाजता म्हणान एसी मीच बंद केलंय.” काउंटरवरचा मुलगा म्हणाला, भाडं खोलीचं असतं, एसीचं वेगळं नसतं. “मग नर्सबायेक इचारा. तिना मियाच दोन गोधडे मागलंय तेव्हा बघलान.” नर्सबाईला खरंच बोलावलं. ती म्हणाली, हो, आजोबांनी एसी लावू दिला नाही. मग मुलगा आत जाऊन कुणाला तरी भेटून आला आणि बिलातले चांगले पैसे कमी झाले. रोख भरणार म्हणून आणखी थोडे कमी झाले. वर पडलेली खुर्द्याची रक्कम त्यांनी स्वतःच, कुणाला न विचारता, कमी केली. नोटा मोजल्या, थुंकी लावून पुन्हा मोजल्या, पावती टोपीत ठेवली. सगळं मिळून चहा थंड व्हायच्या आत.

मी एसी लावला नव्हता. कुणी विचारलंच नाही.

दुपार टळली. सर्टिफिकेट गेलं, मग त्याच्यावर शिक्का नाही म्हणून परत आलं. सहा वाजल्यानंतर एक दिवसाचं भाडं चढेल अशी गोड आवाजात सूचना झाली. बायको म्हणाली, “भरा आणि चला. मागाहून क्लेम करू.” कंपनीच्या कॅशलेसच्या यादीतलं दुसरं इस्पितळ म्हणजे घाट चढून कोल्हापूर, मोडका हात घेऊन तो घाट पावसात नको म्हणून तर आम्ही इथे आलो होतो. मी कॅश काउंटरला गेलो आणि म्हटलं, मीही रोख भरतोय, त्या आजोबांना दिली ती सूट मलाही द्या.

“तुमची फाइल इन्शुरन्सची आहे सर. तिला तो दर नाही लागत.”

“पण इन्शुरन्स पैसे देत नाहीये. मी देतोय.”

“हो सर. पण फाइल इन्शुरन्सची आहे.”

ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. दारूचं एक वेळ सोडा. पण वर्षानुवर्षं हप्ता भरणारा माणूस स्वतःच्या खिशातून पैसे मोजतो, आणि ज्याने आयुष्यात हप्ता म्हणून भरला नाही त्याच्याहून जास्त मोजतो, का, तर त्याच्याकडे विमा आहे! हे गणित मी कुठल्याही वर्गात शिकवू शकणार नाही. आणि हे सगळे लोक अगदी अदबीने बोलतात. भांडायलाही जागा ठेवत नाहीत.

त्यात वीज गेली. वीज गेली की आमच्याकडे टॉवर जातो, टॉवर गेला की फोनवरून पैसे जात नाहीत. इस्पितळांसाठी यूपीआयची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवलीय म्हणे. रेंज वाढवायची राहिलीय. मेहुणा एटीएमवर जाऊन आला तरी थोडे कमी पडत होते. बागायतदार गाडीची वाट बघत अजून तिथेच बसले होते. त्यांनी पिशवीचे वेढे सोडले आणि उरलेल्या नोटा माझ्या डाव्या हातात कोंबल्या.

“घेवा. कलमांचेच आसत. व्याज नको,” ते म्हणाले, आणि पुन्हा कानाशी आले. “पण आता तरी खरा सांगा. घेतलेली काय?”

त्यांचे पैसे मी त्याच आठवड्यात पोचते केले. क्लेमची फाइल गेलीय. ग्लोव्हजचे, मास्कचे आणि अशाच बारीकसारीक वस्तूंचे पैसे कापणार असं आधीच कळवलंय. नाव छापलेला रद्द केलेला चेक, मूळ पावत्या आणि पडल्याचा सविस्तर वृत्तांत मागितलाय. तो डाव्या हाताने लिहिला, तर अक्षर जुळत नाही म्हणून क्वेरी आली. वाडीत भेटायला येणारे आधी हाताकडे बघतात, मग कपाटाकडे.

दरम्यान नूतनीकरणाचा मेसेज आला. हप्ता पुन्हा वाढलाय. त्या रात्री मी परड्यात बॅटरी घेऊन फिरलो; कलमांना जागा आहे. पण कलम धरायला पाच-सहा वर्षं जातात आणि जुन्या दुखण्यांना विम्यात थांबावं लागतं फार तर तीन. म्हणजे एवढ्या एका बाबतीत कंपनी आंब्यापेक्षा बरी. सकाळी हप्ता भरून टाकला. रोख नाही, ऑनलाइन. हप्ता रोख भरला तर आयकरातली सवलत मिळत नाही.