पिंजरा उघडायचा मुहूर्त

वन्यप्राणी दुसऱ्या जंगलात न्यायचे ठरले की आधी मुहूर्त काढा, मग मंडप, मग पाहुण्यांची यादी. प्राणी काय, येईलच.

त्या जंगलातले आधीचे प्राणी कशाने संपले, असा खवचट प्रश्न बैठकीत कुणी काढलाच तर चहा मागवा. फासे लावणारे, मोकाट कुत्री, सगळं आहे तसंच राहू द्या. पाणवठ्याचं पाणीही तपासू नका, फोटोत ते निळंच येतं. 2018 मध्ये केनियात 11 काळे गेंडे त्सावो ईस्ट या राष्ट्रीय उद्यानात हलवले होते. तिथलं पाणी खारट निघालं. प्यायलं की तहान वाढायची, वाढली की आणखी प्यायचं. अकरापैकी एकही वाचला नाही.

हरणं पकडायची तर भर दुपारी, जीप मागे लावून. नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं कुंपण घालायचं, त्यावर कापड लावायचं, कळपाला हळूहळू आत घेऊन आपल्या पायांनी गाडीत चढू द्यायचं, इतका वेळ आहे कुणाकडे? पळवण्यात आणखी एक सोय आहे. जीव तोडून धावलेल्या हरणाचे स्नायू आतून फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. पण हे लगेच होत नाही. सोडताना हरीण टुणकन उडी मारतं, टाळ्या पडतात, आणि ते मरतं काही दिवसांनी. तोवर मंडपसुद्धा उतरलेला असतो.

पेटारा ऐसपैस घ्या. आत वळता येऊ नये इतका अरुंद, अंधारा पेटारा जाणकार मागतात, कारण वळायला गेलं की जनावर अडकतं, जखमी होतं. पण अंधारात चित्रीकरण होत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

नव्या जागेची सवय व्हावी म्हणून कुंपणात ठेवणं वगैरे लाड नकोत. 2009 मध्ये पेंचहून पन्ना व्याघ्र प्रकल्पात आणलेला नर वाघ सोडल्यावर काही दिवसांतच घराच्या दिशेने चालू लागला. शेकडो किलोमीटर माग काढत त्याला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. स्थलांतराचा आदेश त्याने वाचला नसावा.

रेडिओ कॉलर, म्हणजे माग काढायला संदेश देणारा गळ्यातला पट्टा, मात्र हवीच, फोटोत शोभते. ऋतूंचा विचार नको. दक्षिण गोलार्धातून मध्य प्रदेशातल्या कुनोत आणलेल्या चित्त्यांना ऐन पावसाळ्यात हिवाळी केस आले, कारण त्यांच्या घरी तेव्हा हिवाळा असतो. कॉलरखाली ओल साचली, जखमा चिघळल्या, अळ्या पडल्या. पुढे कॉलर काढाव्या लागल्या, म्हणजे शोभाही गेली.

एवढं करून माग काढायला माणसं उरलीच, तर त्यांना कॉलरचा संदेश कसा वाचायचा ते शिकवा. कित्येक तास हालचाल झाली नाही की तिची टिकटिक बदलते. एकच ठिकाण, दिवसभर तीच लय. अहवालात लिहायचं: प्राणी नव्या अधिवासात स्थिरावला आहे.